परग्रहावर औद्योगिक बेटमाळ कशी उभारावी : नव्या विज्ञानकथालेखकांसाठी

धूर ओकणारी बेटं, गंजलेले पूल, तांबडं आकाश, क्षितिजावर दोन चंद्र. विज्ञानकथेच्या पहिल्या पानावर हे सगळं झकास दिसतं. दहाव्या पानावर वाचक विचारतो, ‘या कारखान्यात बनतं काय, आणि ते घेतं कोण?’ बहुतेक बेटमाळा तिथेच बुडतात.

माझ्या कथांसाठी मी ‘सातभट्टी’ नावाची सात बेटांची माळ उभी केली आहे. इथे उदाहरणासाठी तीच वापरतो. ज्या ग्रहावर ती आहे त्याला मी नाव दिलेलं नाही. तिथल्या माणसांना त्याची कधी गरजच पडत नाही. या लेखात भर एकाच गोष्टीवर आहे : सुरुवात कारखान्यापासून करू नका, बंदराच्या धक्क्यापासून करा. बेटावर जे नाही आणि बोटीने आणावं लागतं, त्यातून कथा निघते.

हाताशी काय हवं

- आलेख कागदाची वही आणि पेन्सिल. नकाशा संगणकावर काढायची घाई नको, तिथे तो फार लवकर सुंदर होतो आणि मग खोडवत नाही.
- कॅल्क्युलेटर किंवा स्प्रेडशीट.
- शाळेतली भूगोलाची पुस्तकं. नववी-दहावीची पुरतात.
- भरती-ओहोटीच्या वेळा छापलेली दिनदर्शिका.
- चार खऱ्या जागांची उपग्रहचित्रं : जपानचं हाशिमा, सिंगापूरचं जुरोंग, प्रशांत महासागरातलं नाउरू आणि हवाई बेटं. भिंतीवर लावा.

शेवटी तुमच्याजवळ चार कागद तयार असले पाहिजेत : नकाशा, आवक-जावक वही, कालपट आणि शब्दांची यादी. पात्रांची यादी नंतर करा.

१. बेटं पाण्यावर आली कशी, ते ठरवा

नकाशावर आठ-दहा ठिपके टाकले की बेटमाळ होत नाही. बेटं ओळीने का आहेत, याला कारण लागतं, आणि ते कारण पुढचं सगळं ठरवतं.

पहिला प्रकार हवाईसारखा. खाली एका जागी तप्त शिलारस वर येत राहतो आणि समुद्रतळाचा पट्टा (भूपट्ट, इंग्रजीत प्लेट) त्याच्यावरून सरकत जातो. पॅसिफिक पट्टा वर्षाला साधारण ७ ते १० सेंटिमीटर सरकतो. त्यामुळे एका टोकाला धगधगतं नवं बेट, आणि दुसऱ्या टोकाकडे क्रमाने जुनी, झिजलेली, खचत चाललेली बेटं. तुमच्या ग्रहाचे पट्टे सरकतच नसतील तर माळ होणार नाही, एकच राक्षसी डोंगर होईल. मंगळावरच्या ऑलिंपस मॉन्सची उंची बावीसेक किलोमीटर आहे, त्याचं एक कारण हेच.

दुसरा प्रकार जपान, इंडोनेशिया, फिलिपिन्सचा. एक पट्टा दुसऱ्याखाली घुसतो आणि वर ज्वालामुखींची कमान उठते. इथे भूकंप जास्त, स्फोट जास्त, आणि तांबं-सोनंही जास्त.

तिसरा प्रकार माणसाने केलेला. जुरोंग हे सात लहान बेटांमधला समुद्र भरून केलेलं एकच रसायनबेट आहे. भराव २००९ मध्ये पुरा झाला. कॅस्पियन समुद्रात अझरबैजानचं नेफ्त दाशलारी आहे. १९४९ मध्ये तिथे तेल लागलं आणि पाया म्हणून जुनी जहाजं मुद्दाम बुडवली गेली. त्यांत जगातलं पहिलं तेलवाहू जहाज मानलं जाणारं ‘झोरोआस्टर’ही होतं. असं बेट लिहायचं असेल तर भरावाची माती, दगड, जहाजं कुठून आली ते आधी सांगावं लागेल.

सातभट्टी पहिल्या प्रकारची आहे. दोन बेटांमध्ये ८० किलोमीटर, पट्ट्याचा वेग वर्षाला १० सेंटिमीटर. म्हणजे शेजारच्या दोन बेटांच्या वयात आठ लाख वर्षांचा फरक, आणि पहिल्या-शेवटच्यात अठ्ठेचाळीस लाख. एवढा भागाकार केला की कुठलं बेट उंच, कुठलं बसकं, कुठे माती खोल, हे कल्पनेने ठरवावं लागत नाही.

२. जमिनीत काय सापडेल

नवोदितांच्या कथा सर्वांत जास्त इथे घसरतात. एकाच बेटावर लोखंड, तांबं, कोळसा, तेल आणि वर एखादा निळा स्फटिक! असं नसतं.

महाराष्ट्रातल्या लेखकाला एक सोय आहे. आपण बसाल्टवरच राहतो. दख्खनच्या काळ्या कातळाने राज्याचा बहुतेक भाग व्यापला आहे, आणि त्या कातळात धातूंच्या मोठ्या खाणी नाहीत. कोळसा, लोखंड, मँगनीज शोधायचं तर पूर्व विदर्भात जावं लागतं, लोखंडासाठी सिंधुदुर्गात. जिथे हा कातळ नाही आणि वेगळे खडक उघडे आहेत तिथे. बसाल्टवर पाऊस लाखो वर्षं पडत राहिला की मात्र वरचा थर झिजून जांभा होतो आणि काही ठिकाणी बॉक्साइट, म्हणजे अॅल्युमिनियमचं खनिज. कोल्हापूर-रत्नागिरीकडे ते आहे. म्हणजे हवाईसारख्या माळेत तुम्हाला काय मिळेल? जुन्या बेटांवर बॉक्साइट, नव्या बेटावर जमिनीतली उष्णता. संपलं. पण अॅल्युमिनियमला नेमक्या याच दोन गोष्टी लागतात : माती आणि प्रचंड वीज. सातभट्टीचा धंदा असा ठरला, माझ्या आवडीने नव्हे.

कमानीतली बेटं घेतलीत तर तांबं-सोनं चालेल. निकेल हवं असेल तर प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनियाचा भूगोल बघा.

आता सापळे.

*कोळसा.* तो जमिनीवरच्या वनस्पतींपासून होतो. ग्रहावर जंगलं कधी झालीच नसतील तर कोळसा नाही, लाकूडही नाही. मग दारं कशाची, बांधकामाच्या परांच्या कशाच्या, याचा विचार करा.

*आग.* हवेत ऑक्सिजन नसेल तर उघडी भट्टी पेटत नाही. आणि ऑक्सिजन भरपूर असेल तर तो बहुधा कुठल्यातरी प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवाने सोडलेला असणार, म्हणजे ग्रह निर्जीव म्हणता येणार नाही. सातभट्टीच्या समुद्रात शेवाळ आहे, जमीन उघडीबोडकी आहे. एवढ्यावर भागतं.

*फॉस्फेट.* खताचा कारखाना दाखवायचा असेल तर नाउरूचं फॉस्फेट पक्ष्यांच्या विष्ठेशी जोडलं जातं हे लक्षात ठेवा. पक्षी नाहीत तर दुसरं कारण शोधा.

*सिमेंट.* भर समुद्रातल्या बसाल्टी बेटावर चुनखडी येते ती प्रवाळ आणि शिंपल्यांमुळे. ते नसतील तर सिमेंट बोटीने येणार आणि महाग पडणार. म्हणून सातभट्टीतल्या चाळी घडीव काळ्या दगडाच्या आहेत.

३. चंद्र टांगण्याआधी भरती मोजा

दोन चंद्र सगळेच टांगतात. त्यांचा समुद्रावर काय परिणाम होतो, ते कोणी लिहीत नाही.

भरती आणणारं बल चंद्राच्या वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतं आणि अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होतं. अंतर निम्मं केलं की बल आठपट. सातभट्टीला एकच चंद्र आहे, आपल्या चंद्राएवढाच, पण अंतर आपल्या चंद्राच्या ६० टक्के. बल साडेचारपटीच्या जरा वर जातं. ग्रहाचं वस्तुमान पृथ्वीएवढं धरलं तर चंद्राची फेरी पावणेतेरा दिवसांत होते, आणि अमावस्या ते अमावस्या तेरा दिवसांच्या आसपास.

इथे मुंबईकर आणि कोकणातले लेखक हटकून फसतात. मुंबईची उधाणाची, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेची, भरती पाच मीटरपर्यंत चढते, म्हणून ते पाचाला साडेचारने गुणतात. पण मुंबईचं पाणी उथळ समुद्रामुळे आणि किनाऱ्याच्या आकारामुळे एवढं चढतं. भर महासागरातल्या हवाईत भरती-ओहोटीतला फरक मीटरभरही नसतो. सातभट्टीत तो तीन-चार मीटर येतो. पुरे आहे. जुन्या बेटाचं बंदर गाळाने उथळ झालंय, जड बोट उधाणालाच आत येऊ शकते, आणि उधाण दर साडेसहा दिवसांनी. मग पगार उधाणाला, बाजार उधाणाला, लग्नंही उधाणाला. भांगाच्या, म्हणजे दोन उधाणांमधल्या कमी भरतीच्या, दिवसांत बंदर ओस. एका भागाकारातून अख्खं पंचांग मिळालं.

४. आवक-जावक वही लिहा

हे काम कंटाळवाणं आहे आणि हेच खरं काम आहे. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे धक्क्यावर उतरणारं सगळं, उजवीकडे चढणारं सगळं. टनांत लिहा; ‘भरपूर’ असा आकडा नसतो.

सातभट्टीत वर्षाला एक लाख टन अॅल्युमिनियम होतं. एक टन धातूला साधारण दोन टन अॅल्युमिना (बॉक्साइट शुद्ध करून मिळणारी पांढरी भुकटी) लागतं आणि त्यासाठी चार-पाच टन बॉक्साइट. विजेचा हिशोब किलोमागे १३ ते १५ युनिट. १४ धरले तर वर्षाला १४० कोटी युनिट, म्हणजे अहोरात्र १६० मेगावॉट. आइसलँडच्या हेलिशेइदी या एकाच भूऔष्णिक केंद्राची वीजक्षमता ३०३ मेगावॉट आहे, तेव्हा नव्या बेटावर एवढी वीज काढणं अशक्य नाही. आइसलँडचा धंदाही असाच चालतो : कच्चा माल बोटीने येतो, वीज घरची, धातू बोटीने जातो.

आता पहिला खरा निर्णय. बॉक्साइट धुऊन-शिजवून अॅल्युमिना करायचं कुठे? नव्या बेटावर केलं तर जुन्या बेटावरून वर्षाला चार लाख टनांहून जास्त माती वाहावी लागेल. जुन्या बेटावरच केलं तर फक्त दोन लाख टन. वर्षात साधारण ५६ उधाणं, दर उधाणाला साडेतीन हजार टनांची एक बोट. कंपनी अर्थातच दुसरा मार्ग निवडेल. पण मग अॅल्युमिना काढून उरलेला सगळा लाल, जळजळीत चिखल जुन्या बेटावर राहतो. माती त्यांची, चिखल त्यांच्याकडे, वीज, धातू आणि पगार दुसऱ्या टोकाला. माझ्या कथेतलं भांडण मी रचलेलं नाही, या दोन आकड्यांच्या वजाबाकीत ते बसलेलं होतं.

डावी बाजू नीट पाहा. अॅल्युमिनियमच्या भट्टीत कार्बनचे ठोकळे झिजतात, टनामागे चारशे-साडेचारशे किलो. ते पेट्रोलियम कोक आणि डांबरापासून बनतात, आणि सातभट्टीत तेल नाही. म्हणजे वर्षाला चाळीस-पंचेचाळीस हजार टन कार्बन बाहेरून. बॉक्साइट शिजवायला लागणारा कॉस्टिक सोडा समुद्राच्या मिठापासून वीज वापरून करता येतो, पण त्यासोबत क्लोरीन निघतो. त्याचं काय करणार तेही लिहा.

मोठा सापळा : हे सगळं ‘अंतराळातून येतं’ असं लिहून मोकळं होणं. सॅटर्न-५ हे महाकाय रॉकेट पृथ्वीजवळच्या कक्षेत १४० टनांच्या आसपास वजन नेऊ शकत होतं. चाळीस हजार टनांना अशी जवळपास तीनशे उड्डाणं. आणि बनलेला धातू पृथ्वीला पाठवायचा? भाड्यात धातूची किंमत दहादा बुडेल. जड माल त्याच ग्रहावरून येऊ दे आणि त्याच ग्रहावर खपू दे. अंतराळातून हलकं आणि दुर्मीळ तेवढंच आणा : औषधं, सुटे चिप, डॉक्टर.

पाण्याचाही हिशोब करा, कारण ‘पाण्यासाठी दंगल’ फार सहज लिहिली जाते. दहा हजार वस्ती, माणशी १३५ लिटर. रोज साडेतेरा लाख लिटर. समुद्राचं पाणी गोडं करायला आजच्या पद्धतीने घनमीटरमागे तीन-चार युनिट. म्हणजे दिवसाला फार तर ५,४०० युनिट. भट्ट्या दिवसाला अडतीस लाख युनिट खातात. पाणी कमी पडूच शकत नाही. ते कोणीतरी कमी पाडावं लागतं. दंगल लिहायची तर तशी लिहा.

विजेचंही तसंच. शेजारी झगमगाट आहे म्हणून बेटावर दिवा लागतोच असं नाही. मुंबईच्या बंदरातल्या घारापुरीला कायमची वीज मिळाली ती २०१८ मध्ये, समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकल्यावर. तुमच्या माळेतलं एखादं बेट असं अंधारात ठेवून बघा.

५. आता नकाशा

प्रमाण ठरवा, १ सेंटिमीटरला २० किलोमीटर सोयीचं. सर्वांत आधी वाऱ्याचा बाण काढा. वारा ज्या अंगाने येतो तिथे पाऊस, डोंगरापलीकडे कोरडं. कोकण आणि माणदेशातला फरक आठवा. मग धूर कुणीकडे जातो ते आपोआप कळतं. अॅल्युमिनियमच्या भट्ट्यांतून फ्लोराइड निघतं, ज्वालामुखीतून गंधकाचा वायू. साहेबांचे बंगले वाऱ्याच्या अंगाला, कामगारांच्या चाळी धुराखाली. हे वेगळं सांगावं लागत नाही, नकाशात दिसू द्यावं.

कुठून काय दिसतं तेही मोजा. पृथ्वीएवढ्या ग्रहावर क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये काढायला उंचीच्या (मीटरमधल्या) वर्गमुळाला ३.५७ ने गुणायचं. नव्या बेटाचा डोंगर १,६०० मीटर. म्हणजे १४३ किलोमीटर, अधिक किनाऱ्यावर उभ्या माणसाचे पाचेक. त्यामुळे हवा स्वच्छ असली तर तो दुसऱ्या बेटाच्या किनाऱ्यावरून दिसतो, १६० किलोमीटरवरच्या तिसऱ्यावरून नाही. ‘सातही बेटांवरून ज्वालामुखी दिसत असे’ हे वाक्य तिथल्या तिथे खोडा.

६. टाकाऊ माल कुठे जातो

यावर एक पान तरी खर्च करा. एक लाख टन धातूमागे दोन-तीन लाख टन लाल चिखल दर वर्षी साचतो. हंगेरीत आयका इथे ऑक्टोबर २०१० मध्ये अशा चिखलाच्या तळ्याचा बांध फुटला. दहा माणसं गेली. सिंगापूरने उलट वाट धरली : कचरा जाळून उरलेली राख १९९९ पासून सेमाकाऊ नावाच्या बेटाशेजारी, समुद्रात बांध घालून त्यात टाकली जाते, आणि बेट वाढत जातं. सातभट्टीतल्या एका बेटाचं नाव राखेरी आहे. ते का, हे कथेत कुठेही सांगितलेलं नाही.

७. माणसं, पाळ्या, नावं

अॅल्युमिनियमची भट्टी विझवता येत नाही. वीज काही तास गेली की आतला रस गोठतो आणि भट्टी फोडून काढावी लागते. म्हणून पाळी चुकत नाही, संप म्हणजे अणुबॉम्ब, आणि विजेच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे तो बेटाचा राजा. तुमच्या उद्योगातला असा न थांबणारा भाग कोणता, ते शोधा.

दाटी किती असू शकते? हाशिमा अवघं ६.३ हेक्टर. समुद्राखालच्या कोळशासाठी १९५९ मध्ये तिथे ५,२५९ माणसं राहत होती, १९१६ पासून काँक्रीटच्या बहुमजली इमारतींत. गोडं पाणी समुद्राखालच्या नळाने आलं ते १९५७ मध्ये, त्याआधी बोटीने. दुसऱ्या महायुद्धात त्याच खाणीत कोरियन आणि चिनी माणसांना जबरदस्तीने राबवलं गेलं. नुसती उजाड इमारतींची चित्रं बघून ‘गूढरम्य’ बेट लिहिणाऱ्यांनी हा भाग आधी वाचावा.

शब्दांसाठी लांब जाऊ नका. भोंगा, पाळी, हजेरी, खाडा, मुकादम, बदली कामगार, उचल, खाणावळ : मुंबईच्या गिरण्यांनी आणि आपल्या कारखानदारीने हे सगळं तयार ठेवलं आहे. ‘बदली’चीच पद्धत घ्या, कोणी गैरहजर राहिलं तर आपल्याला काम मिळेल म्हणून माणसं रोज दारात येऊन उभी राहायची. परग्रहावर ती जशीच्या तशी चालेल. बेटांची नावंही कामावरून, रंगावरून, आकारावरून पडू द्या : थोरली, धाकटी, खारवट. ‘झोरॅक्स-७’ असं नाव कुठलीच आजी उच्चारणार नाही. मात्र सगळी आडनावं मराठी असतील तर ही माणसं तिथे कोणी, कशाच्या बोलीवर नेली, याचं उत्तर तुमच्याकडे हवं. कथेत नसलं तरी वहीत.

८. धंदा कसा बुडेल, ते आत्ताच ठरवा

औद्योगिक बेटाला जन्मतारीख असते तशी मरणाचीही असते, आणि कथा बहुधा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी घडते. खऱ्या जगातले तीन शेवट पुरतात. हाशिमात कोळसा होता, पण जपान तेलाकडे वळलं. जानेवारी १९७४ मध्ये खाण बंद, एप्रिलपर्यंत बेट रिकामं. नाउरूत मालच संपत आला. १९६८ मध्ये स्वतंत्र झालेला, २१ चौरस किलोमीटरचा हा देश सत्तरच्या दशकात दरडोई उत्पन्नात जगात वरच्या रांगेत होता. आज बेटाच्या मध्यभागी उरलेत चुनखडीचे सुळके. पापुआ न्यू गिनीतल्या बूगनव्हिल बेटावरच्या पांगुना खाणीत तांबं भरपूर होतं, १९७२ पासून निघतही होतं. पण खाणीचा गाळ नदीत आणि पैसा बाहेर, म्हणून लोक उठले आणि १९८९ मध्ये खाण बंद पडली.

गिऱ्हाईक गेलं, माल संपला, की माणसं उठली? एक निवडा, कालपटावर वर्ष टाका, आणि कथा त्यापासून किती दूर आहे ते लिहा. वीस वर्षं आधी असेल तर पात्रं कर्ज काढून घर बांधतात. दोन वर्षं आधी असेल तर बँक कर्ज देत नाही, आणि का देत नाही ते कोणाला कळत नाही.

९. मग वही मिटा आणि लिहा

वहीतलं दहा टक्क्यांहून जास्त पानावर येऊ देऊ नका. मुकादम भट्टीचा सिद्धांत सांगत नाही, तो बोट उशिरा आली म्हणून शिव्या घालतो. ज्या परिच्छेदात एक पात्र दुसऱ्याला, त्याला आधीच माहीत असलेली गोष्ट समजावून सांगतं, तो काढून टाका.

पहिला खर्डा झाला की तो विज्ञानकथा वाचणाऱ्या मित्राला देऊ नका. बंदरात, वीजकेंद्रात किंवा भट्टीवर काम केलेला कोणी ओळखीचा शोधा, निवृत्त असेल तर उत्तम, आणि त्याला एवढंच विचारा : कुठल्या पानावर हा कारखाना बंद पडला असता?